एक तास पस्तीस मिनिटं

आमच्या विमान कंपनीकडे एकूण तीन विमानं होती आणि त्यातलं एक कायम दुरुस्तीला असायचं. पंख्यांची, सत्तर आसनांची विमानं. कचेरी विमानतळाच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खालून दिवसभर सामानाच्या ट्रॉल्यांचा खडखडाट ऐकू यायचा. आमच्या खोलीत दोन टेबलं होती. एक माझं, दुसरं मिनिटबाईंचं.

मी प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचो. 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं होतं की माझी बोटं ते माझ्याशिवायही लिहू शकली असती. मिनिटबाई वेळापत्रक करायच्या. कुठलं विमान किती वाजता सुटणार, किती वाजता पोचणार, मध्ये किती थांबणार, सगळं त्यांच्या हातून जायचं. 'साधारण' आणि 'सुमारे' हे शब्द त्यांना खपत नसत. "दहा मिनिटांत आलो" म्हणून कुणी चहाला गेला आणि चौदाव्या मिनिटाला परतला, तर त्या काही बोलत नसत, नुसत्या घड्याळाकडे बघत. त्यावरून हे नाव पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास खोलीच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या, बारीक अंगाच्या. हातात तिकिटाचा कागद. खालच्या खिडकीवरच्या मुलीने त्यांना वर पाठवलं होतं.

"तक्रार इथेच करायची का?" त्यांनी विचारलं.

मी खुर्ची दिली. फॉर्म पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"मला लिहून काही द्यायचं नाही. एक विचारायचंय. परवा सकाळी सहाच्या विमानाने मी बंदराला गेले. विमान सहाला सुटलं. अगदी ठोक्याला. मी घड्याळ बघितलं होतं. तिकिटावर लिहिलंय की सात पाचला पोचणार. पोचलं सात चाळीसला. मला एवढंच सांगा, सुटलं वेळेवर, वाटेत कुठे थांबलं नाही, मग उशीर झाला कुठे?"

खरं सांगतो, सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक ओरडतात, धमक्या देतात. असं सरळ कुणी विचारत नाही. मी माझं नेहमीचं सुरू केलं, "आपल्या गैरसोयीबद्दल..."

"थांबा," मागून मिनिटबाई म्हणाल्या. "काय हुकलं तुमचं तिथे?"

बाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांचं चष्मे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मुलगा मालवाहू जहाजावर कामाला. चौदा महिने भेट नव्हती. जहाज एका दिवसासाठी बंदराला लागणार होतं आणि नऊला निघणार होतं. खलाशांना आठपर्यंत फाटकाबाहेर यायची परवानगी होती.

"मी हिशेब केला होता," त्या म्हणाल्या. "सात पाचला उतरायचं, टॅक्सीने अर्धा तास, पावणेआठला फाटक. पंधरा मिनिटं मिळतील. पंधरा पुष्कळ झाली. मी पोचले आठ वीसला. तो आठपर्यंत फाटकाशी उभा होता म्हणे. मग मी तारेच्या कुंपणापाशी थांबले. जहाज निघालं तेव्हा वर नारिंगी कपड्यांतले सात-आठ जण दिसत होते. त्यातला माझा कुठला, ते काही कळलं नाही. मी सगळ्यांनाच हात केला."

हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटलं, रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग काय करायचं ते मला माहीत होतं. पाण्याचा ग्लास द्यायचा.

"तुम्ही खरा वेळ सांगितला असता तर मी आदल्या रात्रीची बस धरली असती," त्या म्हणाल्या. "बसला अकरा तास लागतात. ती अकरा सांगते आणि अकरा घेते." त्यांनी तिकिटावर बोट ठेवलं. "हे सात पाच कुणी लिहिलं?"

मी खाली बघितलं. कंपनीत आपण असं म्हणतो की हे वरून आलंय, संगणकातून आलंय.

"मी," मिनिटबाई म्हणाल्या. "मी लिहिलं. चुकीचं लिहिलं."

चष्मेवाल्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. तिकिटाची घडी घातली आणि गेल्या.

त्या गेल्यावर मिनिटबाईंनी कपाट उघडून एक निळी फाईल काढली आणि माझ्या टेबलावर नकाशा पसरला. एरवी त्या आपलं काम कुणाला दाखवायच्या नाहीत.

"हे आपण, डोंगरात. हे बंदर. मधलं सरळ अंतर तीनशे नव्वद किलोमीटर. आपल्या साइटवर तेच लिहिलंय, आणि वेळ एक तास पाच मिनिटं. सरळ गेलं तर ते खरं आहे. पण हे बघ." त्यांनी पेन्सिलीने मधोमध एक लांबट गोळा काढला. "इथे लष्कराचा तोफांच्या सरावाचा पट्टा. अडीच वर्षांपासून त्यावरून उडायला बंदी. विमान असं वळसा घालून जातं. चारशे पंचाण्णव किलोमीटर. त्यात बंदराच्या विमानतळावर आता गर्दी किती वाढलीय. उतरायला रांग, उतरल्यावर जागा मिळायला रांग. एक पाच कुठून होणार?"

"मग तुम्ही बदललं का नाही?"

"तेव्हाच लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, सहा महिन्यांत पट्टा उघडेल, कशाला हात लावता? सहा महिन्यांनी पुन्हा तेच म्हणाले. दर हंगामाला नवं वेळापत्रक जातं आणि त्यावर माझी सही असते. पाच वेळा केली." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सहावी या शुक्रवारी आहे. दुपारी बारापर्यंत दोन्ही विमानतळांना कागद जायला हवेत."

एवढं बोलून त्या उठल्या आणि खाली वैमानिकांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेलो. का गेलो ते नक्की सांगता येणार नाही. टेबलावर बसून राहायची लाज वाटली, हे त्यातलं एक कारण.

खोलीत कॅप्टन एकटेच होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कमी बोलणारा माणूस. त्या मार्गावर सगळ्यात जास्त तेच उडायचे. मिनिटबाईंनी तीन महिन्यांच्या नोंदवह्या मागितल्या. कॅप्टननी कपाटाची किल्लीच त्यांच्या हातात ठेवली.

"अडीच वर्षं वाट बघतोय, कुणीतरी मागेल म्हणून," ते म्हणाले. "रोज उतरल्यावर उशिराचं कारण लिहावं लागतं. छापील यादी असते. वारा, धुकं, गर्दी, प्रवासी उशिरा. त्यात 'वेळापत्रकच चुकलंय' असा रकाना नाही. मग आम्ही वारा लिहितो. बिचाऱ्या वाऱ्याची नाहक बदनामी."

"आणि मधली थांबायची पंचवीस मिनिटं?"

"ती असतात कुठे? आधीच उशीर म्हटल्यावर सगळे घाई करतात. साफसफाईवाल्या घाई करतात, इंधनवाला घाई करतो. मीही चाकांभोवती फेरी मारून बघतो ती धावतच बघतो." कॅप्टननी टोपी टेबलावर ठेवली. "बाई, काही झालेलं नाही अजून. पण मला धावत बघायला आवडत नाही."

मंगळवारचा अर्धा दिवस आणि बुधवारचा पूर्ण दिवस आम्ही दोघं नोंदी उतरवत बसलो. त्या वाचायच्या, मी लिहायचो. दिवसाची पहिली फेरीच घेतली, म्हणजे आदल्या फेरीच्या उशिराचा त्यात गोंधळ नको. एक्याण्णव दिवस. एक तास पाच मिनिटांत पोचलेली फेरी एकही नव्हती. सगळ्यात लवकरची एक एकोणीस, सगळ्यात उशिराची एक अठ्ठावन्न. बाकी बहुतेक सगळ्या एक तीस ते एक सदतीस यांच्या मधे.

"एक पस्तीस," मिनिटबाई म्हणाल्या आणि आकड्याभोवती चौकोन काढला. "येताना वारा पाठीवर असतो. एक तीस."

पण नुसता आकडा बदलून भागणार नव्हतं. तेच एक विमान दिवसाला चार वेळा बंदराला जाऊन परत यायचं. जाण्या-येण्याला अर्धा-अर्धा तास वाढवला तर चार फेऱ्या दिवसात मावत नव्हत्या. साहेब तिथेच अडवणार, हे आम्हाला दोघांनाही दिसत होतं.

बुधवारी संध्याकाळी काय झालं ते मिनिटबाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागदाच्या पट्ट्या कापून मांडल्या, एकेक पट्टी म्हणजे एकेक फेरी. त्यांचा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. तो समोर बसून एका कवळीला कानस लावत होता. सासूबाई टेबलाच्या टोकाला मटार सोलत होत्या. त्या तरुणपणी शिवणकाम करायच्या, आणि सुनेच्या कामात त्यांना फार रस, कारण त्यांच्या मते ते कामच नव्हतं.

"दिवसभर घड्याळ बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा," त्या नेहमी म्हणायच्या.

मिनिटबाई पट्ट्या सरकवत होत्या. इकडून जमवलं की तिकडून बाहेर येत होतं.

"अगं, ही एक उचलून टाक ना," सासूबाईंनी मटाराच्या शेंगेने तिसरी पट्टी दाखवली. "बाराची. भर दुपारी कोण जातंय?"

"आई, साहेब फेरी काढू देणार नाहीत. चार म्हणजे चारच."

"पण चार होतात का?"

"होतात. चौथी तीन तास उशिरा पोचते."

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "मी शिवायचे तेव्हा कपडा बुधवारी तयार व्हायचा, आणि गिऱ्हाईकाला मी गुरुवार सांगायचे. लोक खूश. समोरच्या गल्लीतली ती दुसरी मंगळवार सांगायची आणि बुधवारी द्यायची. तोच कपडा, तोच बुधवार. पण तिच्या दारात रोज भांडण. शेवटी तिने मशीन विकलं, तेही मीच घेतलं."

नवरा हसला. "कवळीचं तसंच आहे. खोटीला खोटी म्हणून विकतो म्हणून चालतं. मापात खोटी निघाली तर माणूस ती परत आणून माझ्या टेबलावर आपटतो."

"तू तुझ्या दातांचं बघ," मिनिटबाई म्हणाल्या. पण त्यांनी बाराची पट्टी उचलली. बाकीच्या तीन सरकवल्या. सहा, दहा, आणि दुपारी दोन. प्रत्येक फेरीच्या मधे पंचवीस मिनिटं पूर्ण, वर थोडी सवड. संध्याकाळी सहाच्या आत विमान घरी. बाराच्या विमानात सत्तरपैकी सरासरी बावीस जण असायचे. ते दहाच्या आणि दोनच्या विमानात सहज मावत होते. मिनिटबाईंनी पट्ट्या चिकटपट्टीने कागदावर चिकटवल्या आणि तोच कागद गुरुवारी साहेबांपुढे ठेवला.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. याच विमानतळावर ते बॅगा उचलायला लागले होते आणि पंचवीस वर्षांत वर चढत वाहतूक विभागाचे प्रमुख झाले होते. कंपनी दोनदा बुडता बुडता त्यांनी सावरली होती. त्यांनी कागद नीट वाचला, एक्याण्णव दिवसांचे आकडेही वाचले, आणि मग ते सगळं उलटं ठेवलं.

"बाई, तुमचं गणित बरोबर आहे. पण लोक आता काय करतात? मोबाईलवर दोन शहरांची नावं टाकतात. अंतर किती, वेळ किती. ज्याचा वेळ कमी तो यादीत वर. आपण एक पाच, ती दुसरी कंपनी एक दहा. उद्या एक पस्तीस लिहिलं की आपण तळाला. तिकडे बोट पोचतसुद्धा नाही कुणाचं."

"ते दुसरे एक दहात कसे जातात? तोफांच्या तोंडावरून?"

"तेही खोटंच लिहितात. सगळेच लिहितात."

"सगळ्यांनी लिहिलं म्हणून तोफा हटल्या नाहीत ना, साहेब."

"आणि चौथी फेरी घालवायची म्हणता? मालक मला उभं करतील. उद्याच नऊला बैठक आहे त्यांच्याशी."

"चौथी आत्ताही वेळेवर नाहीच. आपण फक्त तसं म्हणत नाही."

साहेबांचा चेहरा ताठ झाला. "हे बघा, आहे तसंच वेळापत्रक पाठवायचं. सही करा आणि विषय संपवा."

"मी सही करणार नाही."

हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की साहेबांना कळायला क्षणभर लागलं. मी दाराशी फाइली घेऊन उभा होतो.

"मी तुमची बदली हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर करू शकतो, माहितीये ना?"

"करा. तिथे निदान हरवलेल्याला हरवलंय असं लिहितात."

"ठीक आहे." साहेबांनी पेन काढलं. "मला अधिकार आहे. मीच करतो सही."

"आहे ना. फक्त सहीच्या वरची ओळ वाचून करा."

साहेबांनी चष्मा लावला. ओळ छापील होती, आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलेली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "'वरील सर्व प्रवासकाळ मी स्वतः तपासले आहेत.'"

"कधी तपासलेत?" मिनिटबाईंनी विचारलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"उद्या सहाच्या विमानाने चला माझ्याबरोबर. वेळापत्रक खरं असेल तर सात पाचला तिथे, पंचवीस मिनिटं थांबायचं, आठ पस्तीसला परत. नऊची बैठक चुकत नाही. आल्यावर तुम्ही सांगाल तिथे मी सही करेन."

मला वाटलं आता पेपरवेट उडणार. पण साहेबांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. बॅगा उचलणाऱ्या पोरांमधे पैजा लागतात, तसलं काहीतरी. "चालेल," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तूपण चल. साक्षीला."

पुढे कळलं की संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन्हीकडे फोन फिरवले होते. सामानवाल्यांना, इंधनवाल्यांना, बंदराच्या आमच्या माणसांना. सहाच्या विमानाला एक मिनिटही उशीर होता कामा नये. सकाळी ते वैमानिकांच्या केबिनमधेही डोकावले. "कॅप्टन, आज जरा जोर लावा."

"लावतो साहेब," कॅप्टन म्हणाले. "पट्ट्यावरून नेऊ म्हणत असाल तर मात्र खालून तोफा लागतील."

बरोबर सहाला विमान जागेवरून हललं. साहेब खिडकीशी, मधल्या वाटेच्या पलीकडे मिनिटबाई आणि मी. साहेबांच्या शेजारी टाय घातलेला एक गृहस्थ, मांडीवर कागदांची पिशवी. आकाश स्वच्छ होतं. अर्ध्या तासाने विमान डावीकडे वळलं आणि तिकडूनच जात राहिलं. उजव्या बाजूला दूरवर तो पट्टा दिसत होता, एकही झाड नसलेली तांबूस जमीन. साहेबांनी तो पहिल्यांदाच बघितला असावा. बराच वेळ बघत राहिले. तो संपेचना.

सात पाच झाले. खाली अजून शेतं होती, समुद्राचा पत्ता नव्हता. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि बाही खाली ओढली.

शेजारच्या गृहस्थाने तोंड उघडलं. "माझी आठला मुलाखत आहे. सात पाच लिहिलं होतं म्हणून मी हे विमान घेतलं."

"पोचाल, पोचाल," साहेब म्हणाले.

"कसला पोचतोय! दर वेळी हेच असतं म्हणे. मी काय म्हणतो, हे वेळापत्रक करणाऱ्या माणसाला एकदा या विमानात आणून बसवलं पाहिजे."

"बसवलंय," पलीकडून मिनिटबाई म्हणाल्या.

गृहस्थ गोंधळला. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. ते हसत होते की संतापले होते, ते मागून कळलं नाही.

बंदराशी पोचल्यावर समुद्रावर दोन घिरट्या झाल्या. पुढे चार विमानं होती. उतरल्यावर जागा मिळेपर्यंत आणखी सहा मिनिटं उभे राहिलो. विमान थांबलं तेव्हा सात चौतीस झाले होते. टायवाला गृहस्थ सगळ्यांच्या आधी धावत उतरला. साहेब त्याच्या पाठमोऱ्या धावण्याकडे बघत राहिले.

मग ते स्वतः उठले. कोट आसनावर टाकला, जिना उतरून सरळ विमानाच्या पोटाशी गेले आणि बॅगा ओढू लागले. सामानवाली माणसं बघतच राहिली. पंचवीस वर्षांनंतरही त्यांचा हात बसलेला होता, पट्ट्याला धरून एका झटक्यात बॅग ट्रॉलीवर. पंचवीस मिनिटांचं काम त्या सगळ्यांनी मिळून सतरा मिनिटांत केलं. सात एक्कावन्नला आम्ही परत निघालो. साहेबांची कॉलर घामाने भिजली होती.

घरच्या विमानतळावर विमान थांबलं तेव्हा नऊ अठरा झाले होते. कॅप्टन केबिनबाहेर आले.

"याहून लवकर होईल?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, जाऊन-येऊन मिळून आजची माझी वर्षातली सगळ्यात चांगली फेरी होती."

मालक नऊपासून वर बसून होते. साहेब तसेच चुरगळलेल्या शर्टात आत गेले. दार बंद झालं. आम्ही आमच्या खोलीत येऊन बसलो. मिनिटबाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, जुनं वेळापत्रक आणि नवं. मी चहा आणला. त्यांनी तो घेतला नाही.

"त्यांनी जुन्यावरच सही करायला सांगितली तर?" मी विचारलं.

"मी म्हटलं होतं, सांगाल तिथे करेन."

"मग?"

"मग करेन. आणि त्याच पेनाने राजीनामा लिहीन. घरी सांगून आलेय." त्यांनी घड्याळ बघितलं. साडेदहा झाले होते.

अकरा चाळीसला साहेब आले. दारातच उभे राहिले.

"मालकांनी विचारलं, कुठे होतात? म्हटलं, विमानात होतो. म्हणाले, ते साडेआठला यायला हवं होतं ना? म्हटलं, हो, वेळापत्रक चुकलंय." ते आत येऊन माझ्या खुर्चीवर बसले. "तीन महिने दिलेत. तीन महिन्यांत माणसं कमी झाली तर माझं मला बघावं लागेल. किती लिहायचं?"

"एक पस्तीस. येताना एक तीस."

"एक पंचवीस लिहा."

"एक पस्तीस."

"आज सगळ्यांनी जिवाची बाजी लावून एक चौतीस झालं. येताना तर एक सत्तावीस. मधलं काहीतरी धरा. एक तीस."

"रोज तुम्ही बॅगा ओढायला येणार आहात का, साहेब?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "तुमच्याकडून भाजी घ्यायची वेळ आली तर उपाशी राहीन मी." मग हात पुढे केला. "द्या इकडे."

नव्या कागदावर आधी मिनिटबाईंनी सही केली, खाली साहेबांनी केली. बारा वाजायला नऊ मिनिटं असताना कागद गेला.

दुसऱ्या दिवशी मिनिटबाई चष्म्याच्या दुकानात जाऊन आल्या. एकट्याच गेल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं. "फार काही नाही," त्या म्हणाल्या. "नवं वेळापत्रक दिलं. त्यांनी वाचलं. म्हणाल्या, पुढच्या वेळी मी तरीही बसनेच जाईन." मग म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं."

पुढचे दोन महिने कठीण गेले. साहेब म्हणाले होते तसंच झालं, यादीत आम्ही तळाला गेलो. दुसऱ्या कंपनीने 'सर्वात जलद' असे फलकही लावले. साहेब रोज सकाळी आमच्या दारावरून जाताना सहाच्या विमानातल्या माणसांचा आकडा टाकून जायचे. "बाई, आज एकतीस." "बाई, आज अठ्ठावीस." मिनिटबाई मान वर न करता म्हणायच्या, "हो साहेब." त्यांची झोप उडाली होती, हे त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं. पण एक पस्तीसचं एक तीस करावं, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

तिसऱ्या महिन्यात आकडे हळूहळू चढले. नोकरदार माणसं परत आली, मग दवाखान्याच्या तारखा असलेली, मग ज्यांना पुढचं विमान धरायचं असतं ती. विमानं तुडुंब भरली असं मी म्हणणार नाही, पण तीन फेऱ्यांत पूर्वीच्या चार फेऱ्यांएवढी माणसं जाऊ लागली. साहेबांनी दारात आकडा टाकणं बंद केलं, त्यावरून आम्ही ओळखलं. कॅप्टन आता विमानाभोवती चालत फेरी मारतात, मी खिडकीतून बघतो. माझ्याकडच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, आणि मला नवीन वाक्यं शिकावी लागली.

साहेबांनी मग मिनिटबाईंना उरलेल्या दोन मार्गांचेही खरे वेळ काढायला सांगितलं. त्या कामात त्या बुडून गेलेल्या असताना एक दिवस माझ्याकडे एका आजोबांचं पत्र आलं. विमान बंदराला तेरा मिनिटं लवकर पोचलं. जावई घ्यायला आला नव्हता. आजोबांना जिन्याशी उभं राहावं लागलं, आणि जावयाने उलट त्यांनाच सुनावलं की तुम्ही वेळ चुकीची सांगितलीत. याची जबाबदारी कोण घेणार?

मी हसत हसत ते मिनिटबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. पत्र हातात घेतलं, तारीख बघितली, त्या दिवसाची नोंदवही मागवली. मग मला म्हणाल्या, "लिही. त्या दिवशी वारा पाठीवर होता आणि समोर एकही विमान नव्हतं. असं वर्षातून चार-पाचदा होतं. यापुढे जावयांना सांगावं की वीस मिनिटं आधी या."

"जावयांना आपण काय सांगणार?"

"लिही तर खरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा नकाशावर वाकल्या.